इमानपट्टीवरचा सडा

आमच्या गावाच्या पूर्वेला, गाव आणि नाला यांच्या मध्ये, मुरमाची एक सरळ, लांबलचक पट्टी लागते. आर्वीकडून येणारी एसटी वळणावर आली की ती खिडकीतून दिसते. गावात तिला इमानपट्टी म्हणतात. माझ्या आजोबांच्या काळात कपाशीवर औषध फवारणारी विमानं तिथे उतरत. पुढे ती यायची थांबली आणि पट्टी तेवढी उरली. आमचं शिवार काळ्या मातीचं. पावसात पाय रुततो, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. असा दाबून बसवलेला मुरूम आसपास दुसरीकडे कुठे नाही, म्हणून गावाने त्या पट्टीचं खळं केलं. ऑक्टोबरात सोयाबीन, जानेवारीत तूर, पुढे हरभरा, आणि मधल्या दिवसांत कुणाच्या मिरच्या, कुणाच्या कुरड्या. मी सायकल तिथेच शिकले. विमान मात्र तिथे कधी पाहिलं नव्हतं.

पट्टीला लागून आमचं दीड एकर आहे. त्यात आई वांगी, मेथी, पालक आणि सांभार लावते. सांभार म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राची कोथिंबीर. आई शेत सांभाळते आणि बाबा बाजार. घरातली पहिली पदवीधर मी. सातवीपर्यंत गावातली जिल्हा परिषदेची शाळा, मग रोज एसटीने आर्वी, मग वर्ध्याला वसतिगृहात राहून बी.एस्सी. आता आर्वीच्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. हे मी विसरत नाही आणि गावही विसरू देत नाही. मला पदवी मिळाली तेव्हापासून ती थोडी गावाचीही झाली आहे. कुणाचा अर्ज असो, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो की मोबाइलवर आलेला इंग्रजी निरोप असो, आईचं उत्तर ठरलेलं असतं, "आमच्या पोरीले दाखवा."

तेच तिने विमानाच्या बाबतीतही केलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. नागपूरचे एक गृहस्थ जीप घेऊन पट्टीवर आले. साठी ओलांडलेले, निवृत्त इंजिनिअर. हातात काठी घेऊन ते पट्टीवर अगदी सरळ रेषेत चालत होते आणि मधूनमधून थांबून काठी जमिनीत खुपसून बघत होते. आई तिथे सोयाबीन उपणत होती. तिने थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "काय हरपलं जी?"

"काही नाही मावशी. इथे विमान उतरवायचंय."

आईने हातातलं सूप खालीसुद्धा ठेवलं नाही. म्हणाली, "मंग आमच्या पोरीशी बोला. थे ग्रॅज्युएट हाये."

रविवारी ते आमच्या अंगणात खाटेवर बसून चहा पीत होते. मी त्यांना सर म्हणू लागले, कारण ते समजावून सांगत होते तसं चांगले शिक्षक सांगतात. त्यांना तिथे 'फ्लाय-इन' भरवायचं होतं. ज्यांच्याकडे दोन-चार जणांची छोटी विमानं आहेत असे हौशी लोक दिवस ठरवून एखाद्या धावपट्टीवर उतरतात, एकमेकांची विमानं बघतात, जेवतात, संध्याकाळच्या आत परत जातात.

"जत्राच म्हणा," सर म्हणाले. "फक्त देव नाही."

सरकारी परवानग्या त्यांनी काढल्या होत्या. "पण पट्टी मोकळी ठेवणं कागदाने होत नाही," ते म्हणाले. "आदल्या दिवसापासून तिथे एक पोतं, एक गाय, एक माणूस आडवा येता कामा नये. त्याची जबाबदारी गावातल्याच कुणीतरी घ्यायला हवी."

मी म्हणाले, "मी घेते."

इतक्या पटकन म्हणाले, कारण माझ्या डोळ्यांसमोर माझा वर्ग आला. पंखाची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढते. वरून हवा अशी जाते, खालून अशी जाते, म्हणून विमान उचललं जातं. मुलं वहीत उतरवून घेतात. त्यांच्यातल्या कुणीही जमिनीवर उभं असलेलं विमान पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या बाईंनीही नव्हतं.

तारीख ठरली ती जानेवारीच्या शेवटची, म्हणजे नेमकी तुरीच्या मळणीची. ग्रामपंचायतीसमोर बैठक झाली तेव्हा पट्टीवर वीस-बावीस घरांची तूर पडलेली होती. सगळ्यात मोठा ढीग बाबांच्या चुलतभावाचा, म्हणजे माझ्या काकांचा. काका उभे राहिले तेव्हाच मला कळलं की आता आपली परीक्षा आहे.

"पाहुन्यायची इमानं येऊन राह्यली, चांगली गोष्ट हाये," ते म्हणाले. "आमची तूर कुठी न्यावाची?"

"बांधावर, काका. दोनच दिवस."

"अन् आभाळ आलं त?"

आभाळाचा विषय मी टाळला. मी म्हणाले, "विमानं नक्की येणार. पट्टी मोकळी ठेवू असा शब्द मी दिला आहे."

काकांनी बैठकीवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "तुह्या शब्दावर उचलतो, पोरी. तू शिकेल हायेस. पन माही तूर हलवली अन् इमान नाई आलं, त मळणी तुह्या अंगणात. अन् उपणाले तुलेच तिव्यावर उभी करीन."

सगळे हसले. तिवा म्हणजे तीन पायांचं उंच लाकडी स्टूल. त्यावर उभं राहून धान्य वाऱ्यावर सोडायचं असतं. मी लहानपणी त्यावर चढायला घाबरायचे, हे काकांना चांगलं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी काकांनीच तूर उचलली. ते पाहून बाकीच्यांनीही उचलली. मला आनंद झाला आणि ओझंही वाटलं. आता एका बाजूला सरांना दिलेला शब्द होता आणि दुसऱ्या बाजूला गावाला. विमानं उतरली तर दोन्ही राहणार होते, नाही तर दोन्ही जाणार होते.

आदल्या दिवशी सरांनी पट्टीच्या कडेला एक खांब रोवला आणि त्याला केशरी कापडाची लांब नळी बांधली. आमच्या बचत गटाच्या अध्यक्षा, शेजारच्या काकू, कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"हे कोनाच्या सदऱ्याची बाही टांगली जी?"

"वारा कुठून येतो ते यावरून कळतं," सर म्हणाले. "विमान नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उतरतं आणि तसंच उडतं."

आईने मान हलवली. "आमचं उलटं हाये," ती म्हणाली. "आमी उपणतानी वाऱ्याले पाठ देतो. नाई त सारं कुटार डोयात." कुटार म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा. मग ती त्या कापडी बाहीकडे बघून म्हणाली, "पन दुपारी हे लटकून राहीन. दुपारचा वारा हलका असते. थ्याले हे जड होईन."

सर हसले आणि जीपकडे गेले. जाताना मला म्हणाले, "संध्याकाळी टँकरने हलकंच पाणी मारून घ्या. धूळ उडायला नको. सकाळपर्यंत वाळलं मात्र पाहिजे."

मी बचत गटाच्या बायकांना निरोप दिला. "धूळ उडायला नको. पाहुणे पहिल्यांदाच येत आहेत, पट्टी चांगली दिसली पाहिजे." वाळलं पाहिजे, हे सांगायचं राहिलं. राहिलं असंही नाही. ते सांगण्यासारखं मला वाटलंच नाही.

सकाळी सहाला मी पट्टीवर गेले. गावाकडच्या टोकाला, जिथून विमानं उतरायची होती तिथे, बारा-पंधरा बायका अंगावर शाली घेऊन बादल्यांसह आधीच हजर होत्या. टँकरचं पाणी रात्रीतून वाळलं होतं, म्हणून त्या सडा टाकत होत्या. शेणाचा, दाट, घरच्या अंगणात दिवाळीला टाकतात तसा. हात कोपरापर्यंत हिरवे झालेले. पट्टीच्या दोन्ही कडांना रांगोळ्या निघाल्या होत्या. दोनशे पावलं तरी पट्टी ओली, काळपट हिरवी चमकत होती, आणि तो वास मला अगदी सणाचा वाटला.

"एवढं काय केलं, काकू?"

"अवं, पाहुन्याले कोरड्या दारातून आत घेतेत का?" काकू म्हणाल्या. "हे दारच झालं ना त्यायचं."

मला इतकं भरून आलं की मी फोटो काढला आणि आमच्या मुख्याध्यापिकांना पाठवला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. सर त्या वेळी पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, पाहुण्यांच्या जेवणासाठी घातलेल्या मांडवापाशी होते. इतक्या लांबून त्यांना हे दिसणं शक्य नव्हतं. दिसत होतं ते मला, आणि घर्षण हा धडा मी दरवर्षी आठवीला शिकवते.

आठच्या सुमारास दूर कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर चालू व्हावी तसा आवाज आला. पाहणी करायला एक विमान आधी येणार होतं, बाकीची सात मागून. गावातली सगळी माणसं बांधावर दोरीच्या मागे उभी होती. पहिल्यांदा दिसला तो पांढरा ठिपका, मग बगळ्याएवढा, मग त्याला चाकं दिसायला लागली. ते आमच्या वांग्यांवरून इतकं खालून गेलं की वाफ्यातली पानं हलली. आवाज एकदम मंदावला. नाक जरासं वर झालं, चाकं टेकली, आणि बांधावरून "टेकलं!" असा गजर झाला.

गजर पुरता व्हायच्या आत विमानाचं शेपूट एका बाजूला गेलं.

ते घसरत होतं. फार जोरात नाही. ओल्या अंगणात म्हातारं माणूस घसरतं तसं, सावकाश, सावरायला बघत. एका बाजूचं चाक पट्टी सोडून गवतात गेलं आणि विमान तिरकं होऊन थांबलं. कुणाला लागलं नाही, काही मोडलं नाही.

दार उघडून चालवणारी बाई उतरली. तिशीची, नागपूरची. तिने आधी चाकं पाहिली, पंख पाहिला, मग स्वतःचे बूट.

"हे काय आहे?"

काकू पुढे झाल्या. "सडा हाये, बाई. तुमच्यासाठी टाकला."

त्या बाईने ओल्या पट्टीवरून मागे नजर टाकली. मग बूट गवताला पुसत म्हणाली, "आमची आजी सडा ओला असेपर्यंत आम्हाला अंगणात पाय ठेवू द्यायची नाही. आता कळलं का ते."

कुणी हसलं नाही, कारण जीप धुरळा उडवत येत होती. सर रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी वाकून बोटाने जमीन पाहिली आणि मला बाजूला घेतलं.

"बाकीची सात नागपूरला थांबली आहेत. साडेनऊपर्यंत मला त्यांना हो किंवा नाही सांगावं लागेल. उतरायची परवानगी अकरापर्यंतच आहे. अशी पट्टी मी त्यांना देऊ शकत नाही."

"पुढची कोरडी पट्टी?"

"तेवढी पुरत नाही. दोन्ही टोकं लागतात."

मी म्हणाले, "चूक माझी आहे, सर. वाळलं पाहिजे हे तुम्ही सांगितलं होतं. मी पुढे सांगितलं नाही. बायकांनी फक्त माझं ऐकलं." हे मी मोठ्याने म्हणाले, बांधावर ऐकू जाईल एवढं.

दोरीच्या मागून काका आपल्या बैलगाडीकडे बोट दाखवत ओरडले. "मंग बंडी जुपू का मी? का तुह्या अंगणात आनू तूर?"

एवढ्यात काकूंनी बायकांना हाक दिली होती, "बादल्या आना वं, धुऊन टाकू सारं!" दोघी-तिघी टँकरकडे धावल्यासुद्धा. आणि तेव्हा आई पट्टीच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"पानी नोका टाकू," ती म्हणाली. "पान्यानं अजून पातळ होईन. खळं ओलं झालं त काय करता तुमी? कुटार आना."

हे ऐकलं आणि मला माझीच लाज वाटली. पाऊस शिंतडून गेला की खळ्यावर कुटार पसरायचं, ते ओल पिऊन घेतं, मग झाडायचं. हे मी जन्मापासून पाहत आले होते. पण इंजिनिअर समोर असले, घड्याळ समोर असलं की घरचं शहाणपण आधी आठवत नाही.

कुटाराचा सगळ्यात मोठा ढीग बांधापलीकडे होता, काकांचा. तूर त्यांनी उचलली होती, पण त्याआधी झालेल्या मळणीचं कुटार तिथेच होतं.

"थो माह्या म्हशीचा चारा हाये," काका म्हणाले.

"म्हस एक दिस सांभार खाईन," आई म्हणाली. "माह्या वावरातला."

"सांभार खाऊन दूध कसं देईन वं थे?"

"वासाचं देईन. चहा चांगला होईन. उचला आता."

बांधावर हसू फुटलं, आणि काकांनी दोरीखालून वाकून पहिलं टोपलं स्वतः भरलं.

पुढचा तास मी आयुष्यात कधी विसरणार नाही. टोपली, घमेली, ताडपत्र्या, जे मिळेल त्यातून कुटार येत होतं आणि आई ते कुठे जाड, कुठे पातळ पसरायचं ते हाताने दाखवत होती. कुटार ओलं झालं की तुराटीच्या खराट्यांनी बाजूला लोटायचं आणि वर नवं टाकायचं. पोरांनी विमान ढकलून मांडवाकडे नेलं आणि ते चालवणारी बाईही टोपलं घेऊन रांगेत उभी राहिली. सर घड्याळाकडे बघत, पण मध्ये बोलत नव्हते. चांगले शिक्षक असतात ते असे, हे मला पुन्हा एकदा वाटलं.

नऊ वाजता मी माझी स्कूटर आणली. वेगात आले आणि ब्रेक दाबला. मागचं चाक सरकलं, मी जवळजवळ पडले. सरांनी नुसती मान हलवली. पुन्हा कुटार, पुन्हा खराटे. तोपर्यंत ऊनही चढलं होतं आणि वारा सुटला होता. सव्वानऊला पुन्हा आले. या वेळी चाक थोडं सरकलं आणि धरलं. आई म्हणाली, "अजून एक हात." अजून एक हात फिरला. मग सगळ्या बायका खांद्याला खांदा लावून ओळीने उभ्या राहिल्या आणि एका टोकापासून झाडत निघाल्या, काडी राहू नये, खडा राहू नये म्हणून. रांगोळ्या त्यातच गेल्या. कुणी हळहळलं नाही.

तिसऱ्यांदा मी ब्रेक दाबला तेव्हा स्कूटर जागेवर थांबली. टायरखाली मुरूम करकरला. तो आवाज ऐकून मला जे वाटलं ते पदवीचा निकाल ऐकतानाही वाटलं नव्हतं. सरांनी गुडघ्यावर बसून जमिनीवर तळहात दाबला, उचलून पाहिला, कोरडा होता. मग त्यांनी दोनशे पावलं चालत तेच दहा-बारा ठिकाणी केलं. साडेनऊला दोन-तीन मिनिटं असताना त्यांनी खिशातून फोन काढला.

"या," ते म्हणाले. "पट्टी कोरडी आहे."

त्यानंतरचा पाऊण तास वाट बघण्याचा. काका माझ्याजवळ येऊन उभे राहिले. दोघेही पूर्वेकडे बघत होतो.

मग ती आली. एकामागून एक, आभाळात दाणे पेरावेत तशी अंतराअंतराने. मी मोजत होते आणि मोजताना ओठ हलत होते. पहिलं निळं, पंख वर असलेलं. ते उतरताना माझी नजर त्याच्या चाकांवर. चाकं टेकली, थोडा धुरळा उठला, आणि ते पट्टीच्या मधोमध सरळ धावत गेलं. इतकं सरळ, की काकूंनी पदराने डोळे टिपले आणि लगेच म्हणाल्या, "धूळ गेली डोयात." दुसरं लाल, पंख खाली असलेलं, पोटाजवळ. तिसरं फारच लहान. माणूस आत बसला आहे की त्याने ते अंगात घातलं आहे, ते कळत नव्हतं. आणि एक असं की ज्याला भिंती नाहीत, दार नाही. वर कापडाचा त्रिकोण, खाली तीन चाकांची खुर्ची, खुर्चीवर हेल्मेट घातलेला माणूस. ते आलं तेव्हा बांधावर एकच कल्ला झाला.

आमच्या भागात शंकरपट भरतो. बैलजोडी कशी सुटली, कशी पळाली, कुठे कचरली, हे सांगणारी माणसं प्रत्येक गावात असतात. तीन विमानं होईपर्यंत ती माणसं गप्प होती. चौथ्यापासून त्यांना कळू लागलं.

"हा दोनदा टेकला. टेकला, उचलला, मंग टेकला."

"वारा आडवा लागला त्याले."

"वारा साऱ्यायलेच लागला. लाल्यानं कसं लोणी ठेवल्यासारखं ठेवलं?"

"अन् हा खुर्चीवाला?"

"हा उतरला का पडला, हेच समजलं नाई."

सात झाली. शेवटचं थांबलं तेव्हा मी दोरी घट्ट धरून उभी होते आणि हाताला दोरीचे वळ उमटले होते. काका म्हणाले, "सात. मी बी मोजून राह्यलो होतो." आणि मांडवाकडे गेले.

माझ्या वर्गातली मुलं दुपारी शाळेच्या गाडीने आली. मी त्यांना निळ्या विमानाच्या पंखाजवळ नेलं. वरची बाजू फुगीर, खालची सपाट. एका मुलीने हात पंखावरून फिरवला, मग खालून फिरवला, आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही फळ्यावर काढता तसंच आहे." मी म्हणाले, "हो." बाबा रिकाम्या टोपल्या घेऊन दुपारच्या एसटीने उतरले आणि विचारलं, "झालं का चालू?" आईने त्यांना सकाळची गोष्ट सांगितली नाही. नुसतं म्हणाली, "सांभार उरला का? काकाच्या म्हशीले द्याचा हाये."

तीनच्या पुढे विमानं निघायची होती. ऊन तिरपं झालं होतं आणि वारा इतका मंद की केशरी बाही खांबाला चिकटून सरळ खाली लोंबत होती, आईने सांगितलं होतं तशी. सर, दोन-तीन वैमानिक आणि सकाळची ती बाई खांबाजवळ उभे राहून वर बघत होते. सकाळी ज्या टोकावरून उतरले त्याच टोकावरून उडायचं की दुसऱ्या, हे ठरत नव्हतं. एवढ्या मंद वाऱ्यात फार बिघडलं नसतं, असं सर मला नंतर म्हणाले. पण नीट करायचं ते नीटच करायचं, अशी त्यांची रीत होती.

ती बाई तिथून निघाली आणि सरळ आमच्या बांधावर आली. आई खराटा बाजूला ठेवून बसली होती.

"मावशी, वारा कुठून आहे?"

आईला यात काही विशेष वाटलं नाही. तिने शेजारच्या ढिगातून मूठभर कुटार घेतलं, उभी राहिली, हात डोक्याच्या वर नेला आणि मूठ हळूहळू सैल केली. जड काड्या सरळ पायाशी पडल्या. हलका भुसा तरंगला, क्षणभर थांबल्यासारखा झाला, आणि गावाकडे वाहत गेला.

"नाल्याकून हाये," आई म्हणाली. "थोडासाच. पन हाये."

त्या बाईने खांबाकडे बघत हात वर करून नाल्याची दिशा दाखवली. आठही विमानं एका रांगेत गावाकडच्या टोकाला गेली, म्हणजे सकाळी जिथे सडा पडला होता तिथेच, आणि नाल्याकडे तोंड करून वळली. पहिली तीच निघाली. मोठा आवाज, मग वेग, मग पट्टी आणि चाकं यांच्यामध्ये बोटभर उजेड दिसला, मग हातभर, मग ती नाल्यावरच्या बाभळींच्या वर होती. एकेक करून सगळी गेली. खुर्चीवाल्याने वर गेल्यावर हात हलवला आणि बांधावरच्या सगळ्यांनी हात हलवले. ज्यांनी त्याला सकाळी नावं ठेवली होती त्यांनी जास्तच.

सर जीपमध्ये बसताना म्हणाले, "पुढच्या वर्षी याच सुमाराला. पट्टीची जबाबदारी कुणाची लिहू?"

"माझीच," मी म्हणाले. या वेळी घाईने नाही. "आणि वाऱ्याची आईची."

त्यांनी वहीत खरोखर दोन ओळी लिहिल्या.

शेवटच्या विमानाचा आवाज अजून कानात होता तोच काकांची बंडी पट्टीवर चढली. तुरीचा पहिला ढीग मळून आधीच पोत्यांत भरलेला होता. त्यांनी पोती उतरवली, ताडपत्री अंथरली आणि बंडीतून तिवा काढून मध्ये ठेवला. मला वाटलं ते आता स्वतः चढतील. ते बाजूला झाले आणि पागोट्याने तोंड पुसत म्हणाले, "वारा हाये तोवर उपणून घेऊ. इमानं आली, तुहा शब्द खरा झाला. तुले काई जबरदस्ती नाई."

मी चपला काढल्या, पदर खोचला आणि तिव्यावर चढले. उंचावरून पट्टी वेगळी दिसते. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, सरळ, सकाळच्या त्या एका चाकाने गवतात काढलेल्या खुणेसह. आईने भरलेलं सूप वर दिलं.

"पाठ वाऱ्याले," ती म्हणाली.

मी नाल्याकडे पाठ केली आणि सूप हलकेच कलतं केलं.